डावाची किंमत आणि पत्त्याची किंमत



मागच्या व्याख्यानात आपण खेळ आणि नियम यांचं नातं पाहिलं. त्यानंतर श्रोत्यांकडून जे प्रश्न आले, त्यांतला एक निरनिराळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारलेला होता. कुणाच्या मुलीला, कुणाच्या नातवाला, एक-दोघांना तर स्वतःलाच ट्रेडिंग कार्ड खेळांच्या स्पर्धेत उतरायचं आहे. मॅजिक, पोकेमॉन ही यातली प्रसिद्ध नावं. अडचण सगळ्यांची एकच : एकेका पत्त्याचे भाव ऐकून छाती दडपते. हा आपल्या खिशाला परवडणारा खेळ आहे का?

आहे. पण ‘स्वस्तातले पत्ते घ्या आणि खेळा’ एवढंच सांगून भागणार नाही. तसं केलं तर माणूस स्पर्धेला जातो, चार डाव हरतो आणि घरी येऊन म्हणतो, हे पैसेवाल्यांचंच काम. म्हणून आज आपण आधी हे पाहू, की या खेळात पैसा नेमका कोणत्या दारानं शिरतो. मग ते दार कुठे कुठे बंद केलेलं आहे, ते शोधू. आणि शेवटी ऑनलाइन व समोरासमोर, दोन्हीकडे कसं उतरायचं ते बघू.

एका पत्त्यात दोन वस्तू

ओळखीच्या पत्त्यांपासून सुरुवात करू. ५२ पत्त्यांचा कॅट कोपऱ्यावरच्या दुकानातून घ्या, नाहीतर परदेशातून भारी प्लास्टिकचा मागवा. एक्का तो एक्काच. आपल्या सावंतवाडीची गंजिफा घ्या. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे १० रंग, प्रत्येक रंगाचे १२ पत्ते, असे एकूण १२० गोल पत्ते. गंजिफा दोन प्रतींची बनत असे : श्रीमंतांसाठी दरबार कलम, सामान्यांसाठी बाजार कलम. दरबारी संच हस्तिदंताचेही असत, बाजारातले साधे. पण बाजार कलमेतला राजा डावात दरबार कलमेतल्या राजाइतकाच मोठा. किंमत होती ती पत्त्याच्या अंगावर. डावाला तिचा पत्ताच नव्हता!

आता १९९३ साली अमेरिकेत काय झालं ते बघा. रिचर्ड गारफील्ड हे गणिताचे अभ्यासक. त्यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं त्या वर्षी बाजारात आणला. कल्पना अशी, की दोन खेळाडूंमध्ये एक सामाईक कॅट नसेल. प्रत्येकानं आपला कॅट स्वतः रचून आणायचा. त्याला डेक म्हणतात. स्पर्धेच्या नेहमीच्या प्रकारांत डेकमध्ये किमान ६० पत्ते लागतात, आणि भूमीचे मूळ पत्ते सोडले तर एकाच नावाचे चाराहून अधिक चालत नाहीत. प्रत्येकाकडे २० प्राण. समोरच्याचे २० शून्यावर आणले की डाव तुमचा. आणि पत्ते मिळणार बंद पुड्यांतून. बरीच वर्षं १५ पत्त्यांच्या पुड्यात एक दुर्मीळ, तीन कमी आढळणारे आणि बाकीचे सामान्य, अशी वाटणी असे.

पैशाचं दार ते हेच. पत्ता आता एकाच वेळी दोन वस्तू झाला. एकीकडे तो डावातली सोंगटी, दुसरीकडे संग्रहातली दुर्मीळ चीज. गंजिफेत या दोन गोष्टी वेगळ्या राहत होत्या. इथे त्या एकमेकींना चिकटल्या, कारण दुर्मीळ पत्ता पुष्कळदा बलवानही असतो. पहिल्या छपाईतल्या ‘ब्लॅक लोटस’ या पत्त्याची उत्तम स्थितीतली एक प्रत २०२१ मध्ये लिलावात पाच लाख डॉलरांच्या वर गेली. तो भाव संग्राहकांचा, हे खरं. पण हा पत्ता मुळात डावातही जबर आहे, हेही तितकंच खरं.

पुडा म्हणजे सोडत

इथे थोडं गणित करू. समजा, एका मालिकेत ६० दुर्मीळ पत्ते आहेत, सगळे सारख्याच संख्येनं छापलेले, आणि एका पुड्यात त्यांतला एक निघतो. आपल्याला त्यांतला एक ठरावीक पत्ता हवा आहे. साधा माणूस म्हणेल, ६० पुडे घेतले की मिळालाच. पण तसं होत नाही. ६० पुडे फोडूनही तो पत्ता एकदाही न निघण्याची शक्यता साधारण ३६ टक्के राहते. म्हणजे असे तीन जण उभे केले, तर त्यांतला एक रिकाम्या हातानं परत जाणार. आणि डेकसाठी तर त्याच पत्त्याच्या चार प्रती हव्या असतात.

यावरून पहिला व्यावहारिक नियम निघतो : स्पर्धेसाठी पुडे घ्यायचे नाहीत, सुटे पत्ते घ्यायचे. ज्यानं पुडा फोडला, त्याला नको असलेला पत्ता दुकानदाराकडे किंवा दुसऱ्या खेळाडूकडे जातो आणि तिथून सुटा विकला जातो. सोडतीचा धोका दुसऱ्यानं पत्करलेला असतो, आपण ठरल्या भावाला नेमकी सोंगटी उचलतो. पुडा फोडण्याचा आनंद खोटा नाही. पण तो आनंद सोडतीच्या तिकिटाचा, खेळाचा आनंद वेगळा. लहान मुलांच्या बाबतीत हा फरक आईवडिलांनी स्पष्ट शब्दांत सांगावा असं आम्हाला वाटतं. कारण ‘अजून एकच पुडा’ हे वाक्य आणि जुगाराच्या टेबलावरचं वाक्य यांत फारसं अंतर नसतं.

लंगडी आणि लंगडणं

आता मुख्य मुद्दा. बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञांनी १९७८ साली ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या दिली. तिचं सार असं : जे अडथळे टाळता आले असते, ते आपल्या खुशीनं पत्करून पार करण्याचा प्रयत्न म्हणजे खेळ. आपल्याकडचं उदाहरण घ्या. लंगडीत दोन्ही पाय धड असताना आपण एका पायावर धावतो. मग कुणी असं म्हणत नाही की बिचाऱ्याला एकच पाय आहे. तो अडथळा काढला, तर खेळच संपला.

पण समजा, मैदानात बाकीचे दोन पायांनी धावताहेत आणि एकाच मुलाला सांगितलं की तू लंगडी घाल, कारण तुझ्याकडे पैसे नाहीत. आता तो अडथळा खेळाचा राहिला नाही, तो अन्याय झाला. महागड्या डेकच्या स्पर्धेत जोडतोड करून केलेला स्वस्त डेक घेऊन बसणं म्हणजे हे एकट्यानं लंगडणं. कधीमधी जिंकालही, पण हरलात तर चूक आपल्या डोक्याची होती की खिशाची, हे कळणारच नाही. आणि जिथे चूक कळत नाही, तिथे शिकणं होत नाही. खरं नुकसान हे आहे. पैसा नुसता डाव हिरावत नाही, डावातून मिळणारा धडाही हिरावतो.

म्हणून कमी पैशांत खेळणाऱ्यानं शोध स्वस्त पत्त्यांचा घेऊ नये. ज्या स्पर्धेत सगळेच एका पायावर आहेत, अशा स्पर्धेचा घ्यावा.

सामान्यांचा दरबार

अशी स्पर्धा आहे, आणि ती खेळाडूंनीच निर्माण केली. तिचं नाव पॉपर, म्हणजे कंगाल. नियम एका ओळीचा : जो पत्ता कधी ना कधी ‘सामान्य’ म्हणून छापला गेला, किंवा ऑनलाइन निघाला, तोच चालेल. मॅजिकची ऑनलाइन आवृत्ती, मॅजिक ऑनलाइन, २००२ पासून आहे. तिथल्या खेळाडूंनी हा प्रकार आपापसांत सुरू केला, २००८ मध्ये तिथे त्याला अधिकृत मान्यता मिळाली, आणि २०१९ मध्ये कागदी पत्त्यांसाठीही एकच नियमावली झाली. २०२२ पासून कोणत्या पत्त्यांवर बंदी घालायची, हे पाहणाऱ्या समितीत खेळाडूंचे प्रतिनिधी बसतात. इटलीत पॉपरगेडन नावाची मोठी पॉपर स्पर्धा भरते. तेव्हा याला कुणी पोरखेळ समजू नये.

खर्च किती? पॉपरचे बरेच चांगले डेक साधारण ५० ते १०० डॉलरांत होतात, काही त्याहूनही कमी. मॉडर्न नावाच्या प्रकारात स्पर्धेचा डेक अनेकदा कित्येकशे डॉलरांवर जातो. आणि पॉपरमध्ये ताकद कमी असते असं मुळीच नाही. ‘लाइटनिंग बोल्ट’ हा एका मानाचा पत्ता (माना म्हणजे पत्ता खेळायला लागणारी ऊर्जा) समोरच्याचे ३ प्राण घेतो. तो १९९३ मध्येच सामान्य म्हणून छापला गेला, आणि महागड्या डेकमध्येही मानानं बसतो.

मात्र दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, ‘सामान्य’ म्हणजे नेहमीच ‘स्वस्त’ असं समजू नका. ‘उब्लिएट’ हा १९९३ चा पत्ता सामान्य होता, पण ती छपाईच थोडी होती; २०२० मध्ये पुन्हा छापला जाईपर्यंत तो चांगलाच महाग होता. दोन, बंदी येऊ शकते. ‘मोनॅस्टरी स्विफ्टस्पिअर’ हा पत्ता २०२२ मध्ये सामान्य म्हणून छापला गेला आणि पॉपरमध्ये आला. इतका भारी ठरला की २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी आली. म्हणून एकाच चमकत्या पत्त्यावर सगळा डेक उभा करू नये.

पहिला डेक कसा घ्यावा

नवशिक्यानं एकाच रंगाचा डेक घ्यावा. दोन-तीन रंगांच्या डेकला खास भूमी लागतात, खर्च वाढतो आणि चुकाही वाढतात. लाल रंगाचा हल्ल्याचा डेक शिकायला बरा. त्याचा हिशोब सरळ आहे : समोरचे २० प्राण, बोल्टचा फटका ३ चा, म्हणजे असे ७ फटके बसले की डाव संपला. आता कोणता फटका समोरच्या प्राण्यावर वाया घालवायचा आणि कोणता थेट खेळाडूवर टाकायचा, हाच सगळा विचार. अशा डेकमध्ये भूमीचे पत्ते साधारण १६ ते १८ पुरतात.

स्पर्धांचे जिंकलेले डेक इंटरनेटवर उघड मिळतात. त्यांतला एक जसाच्या तसा घ्यावा. यात कमीपणा काही नाही. गाणं शिकणाराही आधी गुरूचीच बंदिश घोकतो. त्याच डेकनं निदान ३० सामने खेळावेत आणि मगच एखादा पत्ता बदलावा. दर आठवड्याला नवा डेक घेणारा माणूस पॉपरमध्येही दिवाळं काढू शकतो.

आणि खरेदीआधी सराव! साध्या कागदावर पत्त्यांची नावं लिहा, जुन्या पत्त्यांबरोबर कव्हरात सरकवा आणि घरी खेळून बघा. घरच्या खेळात दोघांची संमती असली की झालं. अधिकृत स्पर्धेत असे कागद चालत नाहीत, तिथे अस्सल पत्तेच लागतात. पण डेक आपल्या स्वभावाला मानवतो का, हे या फुकटच्या प्रयोगात कळतं.

ऑनलाइन

आपल्यापैकी जे लहान गावात राहतात, त्यांना ऑनलाइन हाच जवळचा मार्ग. नियम शिकायला मॅजिक अरीना बरं. सुरुवात फुकट आहे आणि चुकीची चाल ते करूच देत नाही. पण तिथले पत्ते विकता किंवा बदलता येत नाहीत, म्हणून तिथे पैसे ओतायची घाई नको.

पॉपरसाठी ठिकाण मॅजिक ऑनलाइन. तिथल्या लीगमध्ये पाच सामने असतात आणि ते आपल्या सवडीनं खेळता येतात. भारतातल्या माणसाला हे फार सोयीचं आहे, कारण ठरलेल्या वेळेच्या बऱ्याच स्पर्धा अमेरिका-युरोपच्या घड्याळावर चालतात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र होते. तिथे पत्ते विकत मिळतात, तसेच खासगी सेवांकडून भाड्यानंही मिळतात. महिनाभर खेळून बघायचं असेल तर भाडं परवडतं. एवढंच ध्यानात ठेवा, की ऑनलाइन पत्ता आणि कागदी पत्ता ही दोन वेगळी खाती आहेत. दोन्हीकडे एकदम खर्च करू नका.

याहूनही स्वस्त प्रकार पेनी ड्रेडफुल. हाही खेळाडूंनीच बनवला. मॅजिक ऑनलाइनवर ज्या पत्त्यांचा भाव अगदी एक-दोन सेंटांवर आलेला आहे, तेवढेच चालतात, आणि दर हंगामात यादी नव्याने ठरते. इथे बाजारभाव हाच नियम झाला! पैशाला हाताशी धरून पैशालाच बाहेर ठेवलं, असं म्हणायला हरकत नाही.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा. स्पेलटेबल या सेवेवर आपले कागदी पत्ते कॅमेऱ्यासमोर मांडून दूरच्या माणसाशी खेळता येतं. नागपूरची मावशी आणि न्यू जर्सीतला भाचा रविवारी सकाळ-संध्याकाळ जुळवून खेळू शकतात. मोबाइल एका डब्यावर उलटा टेकवला तरी काम भागतं.

टेबलावर समोरासमोर

दुकानांत शुक्रवारी रात्री मॅजिक खेळायची प्रथा २००० सालापासून आहे. आपल्याकडे अशी दुकानं मुख्यतः मोठ्या शहरांत. जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा : आज कोणता प्रकार आहे, शुल्क किती, आणि नवख्याला डेक उसना मिळेल का. तिसरा प्रश्न विचारायला लाजू नका. खेळाडू वाढले तरच खेळ टिकतो, हे जुन्या खेळाडूंना पक्कं माहीत असतं.

स्पर्धा बहुधा स्विस पद्धतीनं होते. ही पद्धत १८९५ मध्ये झुरिचच्या बुद्धिबळ स्पर्धेत पहिल्यांदा वापरली गेली. हरलेला बाहेर जात नाही. पुढच्या फेरीत त्याची गाठ आपल्याइतकेच गुण असलेल्याशी पडते. १६ खेळाडू असले तर सहसा चार फेऱ्या. म्हणजे पहिला सामना हरलात तरी तेवढ्याच शुल्कात आणखी तीन सामने शिल्लक. नवशिक्याच्या पैशाचं एवढं चीज बाद पद्धतीत कधीच होत नाही. एक फेरी साधारण ५० मिनिटांची, तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी.

बरोबर काय न्यावं? एकाच रंगाची, मागून अपारदर्शक कव्हरं. निरनिराळी कव्हरं घातली तर पत्ता पाठीवरून ओळखता येतो, आणि ती लबाडी ठरू शकते. प्राण मोजायला कागद-पेन्सिल. पिण्याचं पाणी. नियमाबद्दल शंका आली तर हात वर करून पंचांना बोलवा. ती तक्रार मानली जात नाही. आणि एक गोष्ट पाठ करून जा : ‘तू हा सामना सोड, बक्षीस अर्धं अर्धं करू’ असं गमतीतसुद्धा बोलायचं नाही. ती लाचच समजली जाते आणि माणूस स्पर्धेतून बाद होतो.

गावात दुकानच नसेल तर? आठ जण जमवा आणि क्यूब करा. साधे सामान्य पत्ते घ्या, सगळे वेगवेगळे, ३६०. ते पिसून १५-१५ चे २४ गठ्ठे करा. प्रत्येकाला तीन गठ्ठे. एक पत्ता उचलायचा, उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे, असं करत प्रत्येकाकडे ४५ पत्ते येतात. त्यांतले निवडक घेऊन, हव्या तेवढ्या भूमी घालून, ४० चा डेक करायचा. खेळून झालं की सगळं परत पेटीत. खर्च एकदाच, तोही आठांत वाटून. ग्रंथालयाच्या एका खोलीत वर्षभर स्पर्धा चालेल!

मॅजिकच्या बाहेर

पोकेमॉनमध्येही ६० पत्ते आणि एका नावाचे चार, हाच साचा. पण तिथे एक सोय आहे : तोच पत्ता पुष्कळदा साध्या आणि नटव्या अशा दोन्ही रूपांत निघतो. डावात दोघांचं बळ तेच, भाव मात्र आकाश-पाताळ. म्हणजे दरबार कलम आणि बाजार कलम पुन्हा आले की! साधं रूप घ्यावं. पत्त्याच्या खालच्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर चालू हंगामात चालतं का, ते आधी तपासावं. वयाप्रमाणे गट असतात, त्यामुळे लहान मुलांना मोठ्यांशी झुंजावं लागत नाही. आणि शाळेबाहेर दहा-वीस रुपयांना मिळणारे पुडे बहुतेक नकली; घरी खेळायला ठीक, स्पर्धेत नाहीत.

नेटरनर या खेळाची कथा आणखी वेगळी. मूळ खेळ गारफील्डांचाच, १९९६ चा. त्याची नवी आवृत्ती २०१२ मध्ये आली, २०१८ मध्ये कंपनीनं ती बंद केली, आणि खेळाडूंच्या स्वयंसेवी संस्थेनं खेळ पुढे चालवला. आज तिचं नाव नल सिग्नल गेम्स. त्यांचे पत्ते घरी छापून घेता येतात आणि ते छापलेले पत्ते स्पर्धेतही चालतात. ऑनलाइन खेळ फुकट. पत्त्यातली सोंगटी ठेवायची आणि चीज काढून टाकायची, हे इथे जवळजवळ पूर्णपणे साधलं आहे.

शेवटी एका आजोबांचा प्रश्न घेऊ : ‘सगळं सारखं केलं, तरी ज्याला वेळ आहे तोच जिंकणार ना?’ बरोबर आहे. पैशाचं दार बंद केलं तरी वेळेचं उघडं राहतं, प्रवासाचं राहतं, शिकवणारा मिळण्या-न मिळण्याचंही राहतं. संपूर्ण समानता कोणत्याच पटावर नसते. पण वेळ दिलेला माणूस निदान खेळ शिकलेला असतो. त्याच्याकडून हरलो, तर काय शिकायचं ते समोर दिसतं. मांडीला मांडी लावून बसावं आणि त्याला विचारावं, ‘सातव्या चालीला मी काय करायला हवं होतं?’ बहुतेक खेळाडू आनंदानं सांगतात. आणि त्या धड्याला शुल्क नसतं.